हिराच्या हाताचा फोटो

माझा फोटो त्यांनी चिमट्यानं उचलला.

दौंडला रेल्वेच्या फाटकापलीकडं तात्यासाहेबांचा बंगला होता. त्याच्या दिवाणखान्यात लांब टेबलावर सगळ्यांनी काढलेले फोटो मांडले होते. वकिलाचा फोटो तात्यासाहेबांनी हातात घेतला. रेल्वेतल्या गार्डसाहेबाचा हातात घेतला, उजेडाकडं धरला, पुन्हा नीट जागेवर ठेवला. माझा आला आणि त्यांनी अंधाऱ्या खोलीतला चिमटा मागवला. औषधाच्या पाण्यातनं ओला फोटो काढायचा चिमटा. माझा फोटो कोरडा होता.

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. आत खुर्च्या रिकाम्या होत्या. मला कुणी आत ये म्हणालं नाही, बाहेर बस असंही म्हणालं नाही. दारात गेल्यावर तात्यासाहेबांनी नुसतं पायरीकडं बोट दाखवलं. पायरीवर सगळ्यांच्या चपला होत्या. त्यांच्या शेजारी मी.

"मिशनच्या दवाखान्यातली ना तू?" त्यांनी आतूनच विचारलं.

मी हो म्हणाले.

"मूळची कोण?"

"ख्रिस्ती."

"ते आत्ताचं झालं. त्याच्या आधी?"

"आजोबा महार होते."

"मग तसं सरळ सांगावं. इथं आम्ही सगळं भिंगातनं बघतो. लपून राहत नाही."

दिवाणखाना हसला. मला वाटतं वकील आधी हसला, मग बाकीचे. मी मान खाली घातली. पायाचा अंगठा पायरीवर घासत राहिले. त्या वेळी मी तेवीस वर्षांची होते. शिकलेली नर्स होते. माझ्या हातावर शेकड्यांनी पोरं जन्मली होती, त्यांत वाण्याबामणांची होती, पाटलांची होती. त्यांच्या बायका वेणा आल्यावर माझे हात घट्ट धरायच्या, तेव्हा कुणी मूळची कोण म्हणून विचारत नव्हतं.

फोटो माझ्या आईच्या टाचेचा होता. भेगा पडलेली टाच, अगदी जवळनं काढलेली. तात्यासाहेब चिमटा हलवत बोलले, "हललाय. इतक्या जवळनं काढायचा तर कॅमेरा हातात धरून चालत नाही, विटेवर टेकवावा लागतो. उजेड समोरनं घेतलास, म्हणून सगळं सपाट. उजेड बाजूनं पाहिजे. आणि टाच कुणाची ही?"

"माझ्या आईची."

"तुझ्या आईची टाच बघायला कोण येणार? काहीतरी सुंदर काढ."

मग ते दारापर्यंत आले. चिमटा उघडला. फोटो चपलांवर पडला. मी वाकून उचलला, पदरानं पुसला आणि म्हणाले, "उपकार झाले, तात्यासाहेब."

थोबाडीत मारलेलं माणूस विसरू शकतं. स्वतःच्या तोंडून निघालेला असा शब्द विसरत नाही. उपकार झाले. परतीच्या एस.टी.त तो शब्द माझ्या दाताखाली खड्यासारखा कचकचत होता.

कॅमेऱ्याचं कसं झालं ते सांगते. पानशेत फुटलं त्या साली आमच्या शिरूरच्या मिशनमधल्या थोरल्या मडमबाई मायदेशी परतल्या. जाताना त्यांनी त्यांचा जुना डबा कॅमेरा मला दिला. त्यातनं लांबचं दिसायचं, जवळचं पुसट यायचं. मला जवळचंच काढायचं होतं. का, ते सांगता येत नाही. नर्सचं काम जवळचं असतं म्हणून असेल. जखम, डोळा, नुकत्या जन्मलेल्या पोराची मूठ, हे सगळं मी वीतभर अंतरावरनं बघत होते. मी दवाखान्यातलं भिंग घेतलं आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर चिकटपट्टीनं बसवलं. बऱ्याच फिल्मा वाया गेल्या. मग कुठं वीतभर अंतरावरची वस्तू उमटायला लागली. एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत मी फोटो धुवायची.

हायस्कुलातल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी ते फोटो पाहिले. ते दवाखान्यात बायकोच्या औषधाला यायचे. त्यांनीच सांगितलं की दौंडला हौशी लोकांचं एक मंडळ आहे, उन्हाळ्यात स्पर्धा आहे, विषय आहे जवळून काढलेला फोटो. स्पर्धेच्या आधी दोनदा बैठक भरते. फोटो घेऊन जायचं, जाणकार सूचना देतात, मग सुधारून नवा काढायचा. मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब. त्यांची भीमेकाठी वडगाव रासाईला ऊसशेती होती, मळ्यावर गुऱ्हाळ होतं, दौंडला बंगला होता. आमच्या दवाखान्याच्या नव्या वॉर्डाच्या विटा त्यांनी दिलेल्या. त्यांचा फोटो डॉक्टरसाहेबांच्या खोलीत येशूच्या चित्राशेजारी टांगला होता.

अपमान करून त्यांनी दिलेल्या सूचना बरोबर होत्या. हेच जास्त झोंबलं. मी वीट आणली. कॅमेरा टेकवला. खिडकीच्या एका बाजूनं उजेड घेतला, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर टांगली. कांद्याचं बोंड काढलं. आईची टाच पुन्हा काढली. भेग अशी दिसली की बोट घालावंसं वाटलं. मी स्वतःशी म्हणत होते, दुसऱ्या बैठकीत त्यांना हातात घ्यायलाच लावीन. एवढीच माझी उडी होती तेव्हा. त्यांनी माझा फोटो हातात घ्यावा.

मग हिरा आली.

गुऱ्हाळं जोरात चालू होती ते दिवस. दुपारी एक बाई ओपीडीच्या दाराला टेकून उभी राहिली. उजवा हात पदरात गुंडाळलेला. पदर हाताला चिकटला होता. मी मिठाच्या पाण्यानं तो सोडवला तेव्हा तिनं ओठ इतका दाबला की रक्त आलं, पण आवाज केला नाही. कोपरापासून मनगटापर्यंत तीन चट्टे. बाकदार. एकाखाली एक. मधल्या चट्ट्यात मांस दिसत होतं.

मी विचारलं कसं भाजलं. ती म्हणाली, चुलवाणात पडले. चुलवाण म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी. भट्टीत पडलेलं माणूस मी पाहिलं होतं. त्याला असे चट्टे नसतात. कातडी सगळीकडनं जाते. हे कुणीतरी मोजून, थांबून, पुन्हा टेकवून केलं होतं. मलम लावलं, पट्टी बांधली, उद्या ये म्हणाले.

ती येत राहिली. वडगावहून मिळेल त्या बैलगाडीनं, नाहीतर चालत. नाव हिरा. माहेर निमोण्याचं, धनगराचं. बाप मेंढरं घेऊन फिरायचा, आता जमिनीचा तुकडा करतो. नवरा तात्यासाहेबांच्या मळ्यावर सालदार, वर्षाच्या बोलीनं बांधलेला. ही उसाच्या मोळ्या वाहायची, गुऱ्हाळावर चिपाडं वाळवायची.

एकदा पट्टी सोडताना ती आपणहून बोलली.

"इंजनाच्या खोलीत ये म्हनले. म्या न्हाई गेले. दुसऱ्यांदी बोलावलं, तवाबी न्हाई गेले. मग समद्यांच्या म्होरं म्हनले, हिनं गुळाची ढेप चोरली. विळा चुलवाणात घातला. माझ्या नवऱ्याला म्हनले, धर हिचा हात."

"नवऱ्यानं धरला?"

"धरला. त्यो तरी काय करंल."

"आणि विळा?"

"मालकानं सोत्ता."

ती हे अगदी सपाट आवाजात सांगत होती. बाजारात काय भाव आहे ते सांगावं तसं. मी ज्यांना उपकार झाले म्हणाले होते ते हेच. त्यांच्या बोटांना माझा कोरडा फोटो धरायला चिमटा लागत होता. हिराचा हात डागताना लागला नाही.

मी तिला फोटोचं विचारलं. सगळं सांगितलं. दौंडची बैठक, टेबल, भिंग, सूचना. फोटो त्यांच्यासमोर गेला तर काय होऊ शकतं तेही सांगितलं. तुला मारतील, नवऱ्याचं काम जाईल. ती बाहेर बघत बसली. दवाखान्याच्या आवारात कुणाचीतरी पोरं चिंचा पाडत होती.

मग म्हणाली, "त्यांनी हात डागला तवा तोंड फिरवलं हुतं. धुराचं. बघितलाच न्हाई त्यांनी. दावा त्यांना. बघू द्या जवळनं."

तिचा हात मी खिडकीत उशीवर ठेवला. उजेड बाजूनं. कॅमेरा विटेवर. पांढरी चादर. तात्यासाहेबांनी सांगितलेलं सगळं केलं. फोटो धुतला तेव्हा लाल दिव्याखाली पाण्यातनं ते तीन चट्टे हळूहळू वर आले. प्रत्येक कंगोरा, प्रत्येक सुरकुती. मी त्या अंधाऱ्या खोलीत उभी होते. मला पहिल्यांदा कळत होतं की माझ्या हातात काय आहे.

दुसऱ्या बैठकीला मी गेले. पायरीवर बसले. तात्यासाहेबांना त्या दिवशी नवा विचार सुचला होता. कुणाचा फोटो कुठला ते कळूच नये, म्हणजे निवाडा निःपक्षपाती होईल. सगळे फोटो गड्यानं गोळा केले, पिसले आणि टेबलावर मांडले. माझाही त्यांत गेला.

गुलाबाचे झाले. फुलपाखराचे झाले. मग तात्यासाहेबांनी हिराचा हात उचलला. बोटांनी. भिंग लावलं. मग म्हणाले, "हा ज्याचा आहे तो माणूस शिकलाय. काय आहे हे, ओळखा बघू."

फोटो हातोहात फिरला. वकील म्हणाला, शिंपला असावा. गार्डसाहेब म्हणाला, कमळाच्या पाकळ्या, सुकलेल्या. ड्रॉइंगच्या मास्तरांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाले, नदीच्या वाळूवर पाणी ओसरल्यावर अशी नक्षी राहते. त्यांनी ओळखलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्यांचा आवाज बारीक झाला होता एवढं खरं.

"उजेड बघा," तात्यासाहेब सांगत होते. "बाजूनं घेतलाय. खोली कशी आली! नक्षी सुरेख आहे. एकच सूचना, अजून थोडं जवळ जायला पाहिजे होतं."

मी उठले. चपला घातल्या. चपला घालूनच उंबरा ओलांडला.

"अजून जवळ गेले असते तर तिला दुखलं असतं," मी म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. मी टेबलापर्यंत गेले. माझा आवाज चढला नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांना पेशंटची माहिती देतात तसं मी सांगितलं. "कातडी आहे ती. वडगावच्या मळ्यावरच्या हिराबाईची. तुमच्या चुलवाणात तापवलेला विळा आहे. तुम्हीच धरला होता."

तात्यासाहेबांनी हातातल्या फोटोकडं बघितलं. मग माझ्या पायांतल्या चपलांकडं. मग त्यांनी मारलं. कानाखाली, पंजा उघडून. कानात शिट्टी वाजायला लागली. त्यांनी शिवी दिली ती जातीची होती. ती इथं पुन्हा लिहून मी त्यांचं तोंड चालवणार नाही. दुसरी थप्पड नाकावर बसली. रक्त तोंडात आलं.

तिसऱ्यांदा हात उठला तो मी धरला.

वेणांनी तडफडणाऱ्या बाईला धरून ठेवायला ताकद लागते. शुद्ध हरपलेला, हातपाय झाडणारा पैलवान गडीसुद्धा मी टेबलावर दाबून धरलेला आहे. तात्यासाहेबांचं मनगट मऊ होतं. मी ते पिरगाळलं. माझ्या अंगात तेव्हा काय आलं होतं कुणास ठाऊक. आजोबा आले असतील. ज्यांनी गावची मेलेली ढोरं ओढली आणि जे पाटलाच्या घोड्यापुढं धावले, ते आजोबा. तात्यासाहेब गुडघ्यावर आले. मी सोडलं नाही. ते पुढं कोलमडले, कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं, भुवई फुटली. त्यांचं रक्त पांढऱ्या सदऱ्यावर टपटपलं.

मग बाकीचे माझ्यावर पडले. मागनं कुणीतरी वेणी धरून ओढली, तो गार्डसाहेब होता. वकिलानं पोटात लाथ घातली. मी खाली पडल्यावर पुन्हा घातली, बरगडीत. तात्यासाहेबांचा ड्रायव्हर बाहेरनं धावत आला. माझे पाय धरून मला फरशीवरनं ओढलं. मी हाताला येईल ते धरत होते. सतरंजी, खुर्चीचा पाय. एकाच्या पोटरीला मी दात लावले. कुणाच्या ते बघितलं नाही. तो किंचाळला, मग माझ्या तोंडावर टाच आली. पुढचा दात तुटला. मी तो गिळला.

ड्रॉइंगच्या मास्तरांनी आपल्या चपला शोधल्या, घातल्या आणि ते फाटकाबाहेर निघून गेले. पळाले नाहीत. नेहमीच्या चालीनं गेले.

ड्रायव्हरनं माझी पिशवी पायरीवर उलटी केली. कॅमेरा पडला. त्यानं टाचेनं तो चेचला, आतली फिल्म भेंडोळं होऊन उन्हात पडली. तात्यासाहेब भुवईवर रुमाल दाबून दारात आले. त्यांनी हिराच्या हाताचा फोटो धरला आणि वकिलाला काडी ओढायला सांगितली. ड्रायव्हरनं माझी मान धरून तोंड वर केलं, मला दिसावं म्हणून. फोटो कडेनं काळा पडला, आक्रसला. राख त्यांनी माझ्या डोक्यावर झटकली.

मी रडले नाही. मला रडू यायला पाहिजे होतं, सगळे त्याचीच वाट बघत होते.

दौंडच्या ठाण्यात गेले तर अंमलदारानं आधी बसायला सांगितलं. मी नाव घेतल्यावर उभं राहायला सांगितलं. म्हणाला, तू साहेबांच्या बंगल्यात घुसलीस, त्यांचं डोकं फोडलंस, तेच लिहू का तुझ्यावर? मी म्हणाले, लिहा. तो चक्रावला. त्यानं काहीच लिहिलं नाही. हाकलून दिलं.

शिरूरला माझ्याआधी निरोप पोचला होता. डॉक्टरसाहेब आमच्याच समाजातले, लहानपणापासून मला ओळखणारे. त्यांनी माझ्या बरगड्यांना पट्टा बांधला. हात हलके होते त्यांचे. पट्टा बांधून झाल्यावर म्हणाले, उद्या दौंडला जायचं आणि तात्यासाहेबांच्या पायावर डोकं ठेवून यायचं. त्यांच्याशिवाय वॉर्ड उभा राहत नाही. वॉर्ड नसला तर बाया कुठं बाळंत होणार, याचा विचार कर.

मी नाही म्हणाले.

"प्रभूनं दुसरा गाल पुढं करायला सांगितलंय," ते म्हणाले.

"गाल माझा होता तोवर ठीक होतं. हात हिराचा आहे."

त्यांनी मान हलवली. एक्स-रेच्या खोलीतनं माझ्या सगळ्या निगेटिव्ह काढून त्यांनी ड्रायव्हरच्या हवाली केल्या होत्या, हे मला नंतर कळलं. हिराचा हात गेला, आईची टाच गेली, नव्या पोरांच्या मुठी गेल्या. दवाखान्यातनं मला काढलं. आवारातली खोलीही सोडायला सांगितली.

त्या खोलीत आई माझ्याबरोबर राहायची. जन्मभर मिशनचं आवार झाडलेलं तिनं. ती म्हणाली, "वाक की गं जरा. वाकल्यानं काय झिजतंय?"

"तू वाकलीस सगळा जन्म. बघ की काय झिजलंय."

मला तसं बोलायचं नव्हतं. पण बोलले. आई उठली, तवा-परात बांधली, देवाच्या भिंतीवरचा क्रूस काढून ट्रंकेत ठेवला आणि झाडू दाराबाहेर फेकून दिला. आवाराच्या फाटकातनं ती माझ्यापुढं चालत बाहेर पडली.

गावाच्या कडेला आम्ही एक खोली घेतली. तिथं हिरा मला शोधत आली. मी तिला ओळखलं नाही. चेहरा सुजून काळानिळा, एक डोळा मिटलेला. चऱ्हाटानं मारलं होतं. माझ्यासारखंच, बोलल्याबद्दल.

"मालकानं नवऱ्याला मारायला लावलं," ती म्हणाली. "त्यो मारत हुता आन् रडत हुता. मला त्याच्या रडण्याचाच राग आला. निघून आले."

मी तिला सांगितलं की फोटो जाळला, निगेटिव्हही नेल्या, आता काही उरलं नाही. ती भाकरी खात होती. डाव्या हातानं, उजव्या हाताची मूठ अजून नीट वळत नव्हती.

"फोटू जाळला तर जाळला," ती म्हणाली. "हात हाय की."

वडगाव शिरूर तालुक्यात. म्हणून आम्ही शिरूरच्या ठाण्यात गेलो. फौजदारानं विचारलं, पुरावा काय? हिरानं पदर बाजूला करून हात त्याच्या टेबलावर ठेवला. त्यानं तोंड फिरवलं. म्हणाला, झाका ते. आम्ही झाकलं नाही. त्यानं बाहेर काढलं, तर आम्ही दारात बसलो. बाजाराचा दिवस होता. हिरानं हात उघडा मांडीवर ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्या बाया थांबायच्या, वाकायच्या, जवळनं बघायच्या. मी सांगत होते, कुणी केलं, कशानं केलं. नाव घेऊन. बाया नाव ऐकून दचकायच्या आणि तरी उभ्या राहायच्या. मेथी विकणारी एक म्हातारी पाटी घेऊन आमच्या शेजारी येऊन बसली. कोण होती ठाऊक नाही. तिनं काही विचारलं नाही, दिवसभर उठली नाही. माझी आई आली, तीही बसली. ऊन उतरायच्या आत ठाण्यापुढं एवढ्या बाया जमल्या की फौजदाराला हवालदार पाठवून आम्हाला आत बोलवावं लागलं. त्यानं लिहून घेतलं. हिरानं अंगठा उमटवला. भाजलेल्या हाताचा.

उन्हाळ्यात दौंडला स्पर्धा झाली. दव पडलेल्या गुलाबाला पहिलं बक्षीस मिळालं. तात्यासाहेबांच्या हस्ते. भुवईवर टाक्यांचा व्रण होता असं सांगतात.

खटला उभा राहिला. डॉक्टरसाहेबांनी साक्ष दिली की भट्टीत पडून असे चट्टे येऊ शकतात. ड्रॉइंगच्या मास्तरांनी सांगितलं की त्या दिवशी आपण बैठकीला गेलोच नव्हतो. हिराच्या नवऱ्यानं सांगितलं, माझी बायको वेंधळी आहे, तोल गेला. सांगताना त्यानं एकदाही तिच्याकडं बघितलं नाही. हिरा त्याच्याकडं बघत होती, शेवटपर्यंत. तात्यासाहेब सुटले. कोर्टाच्या पायऱ्यांवर लोकांनी त्यांना हार घातले. गाडीत बसताना ते माझ्याकडं बघून हसले.

मला वाटलं होतं, त्या क्षणी माझं काहीतरी मोडेल. मोडलं नाही. मी हिराचा हात धरला होता, आणि कातडीवरचे तिन्ही वळ माझ्या तळव्याला लागत होते.

आता मी खेड्यापाड्यांतनं बाळंतपणं करते. निमोणे, इनामगाव, वडगाव, नदीच्या दोन्ही अंगांना. हिरा माझ्याबरोबर असते. आता तीही पोर अडलं तर वळवते. आम्ही घरात शिरतो. चुलीपुढं जातो, बाजेपाशी जातो, जिथं कुणी बाहेरचं जात नाही तिथं. बाईच्या अंगावर वळ दिसला, डाग दिसला, मोडलेलं बोट दिसलं, की मी विचारते. ती म्हणते पडले. मी पुन्हा विचारते. तिनं नाव सांगितलं आणि ते उघड करायला हो म्हणाली, की ते नाव मी चावडीवर, सगळ्यांसमोर घेते. पाटलाचं असो, सावकाराचं असो, आमच्या चर्चमधल्या माणसाचं असो. दोन गावांनी माझ्यावर दगड टाकलेत. एका गावात माझं डोकं फुटलं, टाके हिरानं घातले. मारतील पुन्हा, ते मला ठाऊक आहे.

मी तोंड फिरवणार नाही. त्यांनाही फिरवू देणार नाही.